मुलुंड ते हजार वर्षांपूर्वी, व्हाया आईचा फ्रीज

यंदा मी युरोपला जाणार होते. व्हिसाच्या मुलाखतीत समोरच्या माणसाने विचारलं, "परत का याल?" त्याला पटेल असं उत्तर मला सुचलं नाही, म्हणून मी हसले. हसण्यावर व्हिसा देत नाहीत असं नंतर कळलं. रजा मात्र मंजूर झालेली होती, आणि आमच्या ऑफिसात मंजूर रजा परत करणं म्हणजे देवाला दिलेला नारळ परत मागणं.

तेव्हा माझी धाकटी बहीण सायली म्हणाली, "ताई, बर्फ बघायलाच जायचं होतं ना? त्यापेक्षा चल माझ्याबरोबर. हजार वर्षं मागे नेते. रिक्षाने."

सायली पुरातन हवामानावर पीएचडी करते. पृथ्वीवर पूर्वी पाऊस किती पडायचा, समुद्र कुठवर होता, हे ती शोधते. उद्या पाऊस पडेल का हे तिला विचारू नका, ती चिडते. आमचं घर मुलुंड पूर्वेला. घरात आई, मी, सायली आणि तिचे मातीचे नमुने. आईच्या मते यातलं शेवटचं माणूस घराबाहेर काढायला हवं.

तर ज्यांना पासपोर्टशिवाय लांबचा प्रवास करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिला मुक्काम अंधेरी पश्चिम, गिल्बर्ट हिल. घाटकोपरहून मेट्रोने आझाद नगर, तिथून रिक्षा. रिक्षावाल्याला "गिल्बर्ट हिल" म्हटलं की तो "मंदिरवाली पहाडी ना?" असं विचारतो. हो म्हणायचं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना त्याचे उभे खांब झाले, आणि ते खांब आजही तसेच उभे आहेत. जगात अशा जागा मोजक्याच. हा डोंगर परदेशात असता तर भोवती कुंपण, तिकीट, माहितीपट आणि महागडी कॉफी असती. आपण भोवती इमारती बांधल्या आणि त्यांच्या गच्च्यांवरून डोंगराकडे तोंड करून गोधड्या वाळत घातल्या. वर गावदेवीचं देऊळ आहे, पायऱ्या चढताना दम लागतो, पण वर वारा झकास.

मी खांबाला हात लावून म्हटलं, "म्हणजे याला सगळं माहीत असणार. डायनासोर, पाऊस, सगळं."

"याला फक्त आग माहीत आहे," सायली म्हणाली. "दगड हवामानाबद्दल फार बोलत नाही गं. बोलतो तो चिखल."

मग तिने देवळाच्या कट्ट्यावर बसून समजावलं, तेही माझ्या हातातले वेफर्स खात. गाळ वर्षानुवर्षं एकावर एक बसत जातो, जुना खाली आणि नवा वर. त्यात झाडांचे परागकण अडकतात. परागकणाचं कवच इतकं चिवट की झाड जातं, जंगल जातं, तो टिकतो. कुठल्या थरात खारफुटीचे कण जास्त आणि कुठल्या थरात गवताचे, हे मोजलं की समुद्र कधी आत आला आणि पाऊस कधी रुसला, ते कळतं. भर समुद्राच्या तळाशी असाच गाळ कोट्यवधी वर्षांचा आहे. तिथल्या बारीक शिंपल्यांत हलका आणि जड ऑक्सिजन किती आहे, ते मोजून त्या काळी पाणी किती थंड होतं हे सांगतात. बर्फातले बुडबुडे, गुहेतले चुन्याचे खांब, सगळीकडे युक्ती एकच.

"आणि यात चूक कधी होते?" मी विचारलं. विमा कंपनीत नोकरी केल्याने मला हा प्रश्न सवयीने पडतो.

"वर काय आणि खाली काय, हे विसरलं की," ती म्हणाली. "मग सगळा इतिहास उलटा वाचला जातो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

दुसरा दिवस भांडुपच्या खाडीचा. मुलुंडहून हायवेने रिक्षा, पंपिंग स्टेशनच्या फाट्यावर उतरायचं. सकाळी तिथे गळ्यात तोफेएवढे कॅमेरे अडकवलेली माणसं फ्लेमिंगो शोधत असतात. ती कुजबुजत बोलतात, आणि तुम्ही पीव्हीसी पाइप, दोरखंड आणि लाकडी हातोडा घेऊन आलात की तुमच्याकडे खुन्याकडे बघावं तसं बघतात. वासाबद्दल एवढंच सांगते की अर्ध्या तासात नाक हार मानतं. सोबत पाणी घ्या आणि जुने कपडे घाला. चप्पल कुठलीही घाला, तुम्ही तिथे चप्पल ठेवूनच येणार आहात.

खारफुटीत खणायची परवानगी सायलीला बरेच खेटे घालून मिळाली होती, आणि तिची मुदत त्याच दिवशी संपत होती. मागच्या वर्षी चिखलात पाइप ठोकून काढलेली गाळाची नळी वाटेतच फुटली होती. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या एका नळीवर उभं होतं. हे तिने मला होडीत बसल्यावर सांगितलं, म्हणजे मला परत फिरता येऊ नये.

होडी दामूदादांची. ते पिढीजात मासेमारी करणारे, आता मासे कमी आणि पक्षी बघणारे गिऱ्हाईक जास्त. त्यांनी आमचं सामान बघून विचारलं, "नेमका काय पायजे तुमाला?"

"चिखल," सायली म्हणाली.

"मंग इतक्या लांब कशाला आलात? मुलुंडात गटारं नाय?"

ओहोटी लागली तशी आम्ही चिखलात उतरलो. मी मांडीपर्यंत गेले आणि त्याक्षणी मला स्वित्झर्लंड स्पष्ट दिसलं. सायलीने माझ्या कमरेएवढी नळी उभी धरली, दामूदादांनी हातोड्याने ठोकली. मी होडीच्या काठाला धरून धीर देत होते. धीर देताना भूक लागते, म्हणून वेफर्सचं दुसरं पाकीट फोडून संपवलं, आणि वाऱ्याने ते रिकामं पाकीट उडवून चिखलात नेलं.

"ताई, ते उचल," सायली नळी न सोडता म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"अगं, एवढ्या कचऱ्यात एक—"

"उचल."

उचललं. कोपरापर्यंत चिखल झाला. पाकीट पर्समध्ये कोंबलं. सगळ्यांनी मिळून दोरखंडाने नळी ओढून काढली. वरचं पातळ पाणी सायलीने तिथेच सांडलं, दोन्ही टोकं पिशवी आणि चिकटपट्टीने बांधली आणि जाड मार्करने पाइपवर मोठा बाण काढून लिहिलं: "वर". मग माझ्या चिखलाच्या गळ्यात पडून ती हसली. तिला इतकं खूष मी तिच्या बारावीच्या निकालालाही बघितलं नव्हतं. मलाही उगाचच फार बरं वाटलं.

नमुना थंड ठेवावा लागतो, नाहीतर त्यात बुरशी धरते. त्यासाठी प्रयोगशाळेत शीतखोली आहे. शीतखोलीला कुलूप आहे, कुलपाला किल्ली आहे, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते पुतणीच्या साखरपुड्याला साताऱ्याला गेले होते. विज्ञानाची प्रगती इथवर झालेली आहे. उरला आमचा फ्रीज.

आमची आई कणकवलीकडची. रागावली की मुंबईतली चाळीस-एक वर्षं तिच्या जिभेवरून गळून पडतात. दारातच तिने पदर खोचला.

"ह्यां काय हाडलंस गो घरात? फ्रीजात बांगडे आसत."

"आई, फक्त एक रात्र. हजार वर्षं जुनं आहे ते."

"मग एक रात्र भायर ऱ्हवला तर काय मरतलां?"

शेवटी बांगडे शेजारच्यांकडे गेले, फ्रीजचे कप्पे निघाले, नळी उभी राहिली. आम्ही दोघी आंघोळ करून मेल्यासारख्या झोपलो.

सकाळी सायलीची किंकाळी ऐकून उठले. नळी फ्रीजमध्ये होती. तिरकी होती, लखलखीत होती, आणि तिच्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

कोरोनापासून आमच्याकडे बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू सॅनिटायझरने पुसली जाते. दुधाच्या पिशव्या, कांदे, एकदा माझा बॉस. बाकी जग हे विसरलं, आई नाही. आणि जो मार्कर पाण्याने जात नाही, तो सॅनिटायझरने एका हातात जातो. आईने पहाटे नळी बाहेर काढली, दोन्ही बाजूंनी चकचकीत पुसली आणि दह्याच्या भांड्यावर पडू नये म्हणून, कुठलं टोक वर होतं हे न बघता, तिरकी टेकवून ठेवली.

"पुसल्याशिवाय मी घरात कायव घेणय नाय," आई म्हणाली. मग सायलीचा चेहरा बघून हळू आवाजात, "माका काय म्हायत, त्या बाणात तुझी पीएचडी आसा."

सायली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फ्रीजसमोर खाली बसली. ती रडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी विचारलं, खालचा चिखल घट्ट असेल ना? तिने दोन्ही टोकं दाबून बघितली. रात्रभर गारठून दोन्ही सारखीच लागत होती. अंदाज करता आला असता, पण अंदाजाला प्रकरण म्हणत नाहीत.

तिसरा मुक्काम प्रयोगशाळा. हा माझ्या कार्यक्रमात नव्हता. आईच्याही नव्हता, पण ती चप्पल घालून दारात उभी. "मीय येतंय." रिक्षात नळी आम्हा तिघींच्या मांड्यांवर होती. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं आणि मीटर न सांगता टाकलं.

सायलीच्या सरांनी "बाण कुठे आहे?" असं विचारलं. तिने सरळ सांगितलं, "आईने पुसला." सर आईकडे बघून नमस्कार म्हणाले आणि त्यांनी पाइप उभा चिरायला घेतला.

दोन फाका उघडल्या. करडा, काळपट, चकाकणारा चिखल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला दोन्हीकडे फक्त भांडुप दिसत होतं. सायली चिमट्याने एकेक चिमूट बाजूला करत होती. आई तिच्या मागे उभी राहून ओठांतल्या ओठांत गावच्या देवाला गाऱ्हाणं घालत होती.

डाव्या टोकापासून बोटभर आत चिमटा कशाला तरी अडला. सायलीने ते ओढलं, पाण्यात खळबळलं. चिमुकला चौकोन, एका कडेला दातेरी, रंग उडालेला जांभळा.

"ताई, खरं सांग. तुझं पाकीट?"

मी पर्समधून माझं चिखलाने माखलेलं पाकीट काढून दाखवलं. ते पिवळं होतं.

आई पुढे वाकली. "ह्यो रंग माका ठावक आसा. शाम्पूची पुडी ती. आम्ही भांडुपाक ऱ्हवत होतो तेवा रविवारी तुमचे केस त्याच पुडीन धुतलेले. वापरून झाली की मागच्या नाल्यात." तिने पदराने टेबल पुसलं. "सगळेच टाकीत."

त्याच टोकाला आणखी निघालं. निळ्या पिशवीची चिंधी, नायलॉनचा धागा, थर्माकोलचे दाणे. दुसऱ्या टोकाकडून सर आणि सायलीने दुपारपर्यंत चाळलं. शिंपले निघाले, कुजलेली मुळं निघाली. आपलं काही निघालं नाही.

"हे वर," सायली म्हणाली, डाव्या टोकावर बोट ठेवून. मग ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आईने आधी तिचे हात पुसले आणि मग तिला जवळ घेतलं.

"म्हणजे आमचो कचरो कामाक इलो," आई म्हणाली.

आता घरी आहोत. बांगडे परत आले, कप्पे परत बसले, फ्रीजला अजून खाडीचा वास येतो. सायलीने प्रबंधात लिहून टाकलंय की नळीचं वरचं टोक प्लास्टिकच्या अवशेषांवरून निश्चित केलं. विज्ञानाला आमच्या कुटुंबाची ही देणगी. काल जेवताना आईने विचारलं, हजार वर्षांनी कोणी असंच खणलं तर त्यांनाही बाण लागेल का? सायली म्हणाली, "नाही गं आई. आपला थर न सांगता कळेल." आईने मान हलवली आणि बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला एकावर एक रचले.

फोटो फारसे नाहीत, मोबाइल चिखलात होता. आठवण म्हणून आणलेली वस्तू एकच, ते पिवळं पाकीट, अजून माझ्या पर्समध्ये आहे. रोज टाकायला काढते. डब्यात टाकलं तर ते देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर जाणार, तोही आपणच उभा केलेला, खाली कुठला लाव्हा नसताना. नाल्यात टाकलं तर खाडीत. मग पुन्हा पर्समध्ये ठेवते. आईने ते दोनदा सॅनिटायझरने पुसलंय.