नदाफ साहेबांच्या फळ्यावरची चूक

माझ्या हातातला झाडू ज्यानं काढून घेतला, तो माणूस आज पहाटे गेला.

नदाफ साहेब. आमच्या नगरपालिकेत आस्थापना विभागाचे हेडक्लार्क.

आस्थापना म्हणजे कोण कुठल्या जागेवर, कुणाची रजा, कुणाचं प्रमोशन, कुणाला ट्रेनिंग हे सगळं बघणारं टेबल. पालिकेत तुम्ही जिवंत आहात का नाही, हेसुद्धा तिथंच ठरतं.

आमच्याकडं जुन्या निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा. शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेला. त्यामुळं मे संपला की निम्मं ऑफिस एकदम रिटायर.

साहेब जानेवारीपासनंच डोक्याला हात लावून बसायचे. "भरती कवा हुईल तवा हुईल. तवर मला माणसं आतल्या आतच शोधाय लागत्यात."

आता माझं सांगते.

आई सफाई कामगार. ती थकली तेव्हा वारसा हक्कानं तिच्या जागेवर मी लागले. तोवर मी बाहेरून बी.ए. झालेली.

पण माझी आत्ती म्हणाली, "पदवी-बिदवी सांगू नगंस पोरी. लय शिकल्याली हाय म्हटलं की झाडूबी देणार न्हाईत."

मी ऐकलं. घर माझ्यावरच होतं. फॉर्मवर लिहिलं, शिक्षण: सातवी.

हे आमच्यातल्या कितीजणींनी केलंय, विचारू नका.

पाच वर्षं वॉर्ड झाडला. लाज नाही त्याची.

पण हजेरीच्या शेडमध्ये एक काळा फळा होता. त्यावर साहेब सूचना लिहायचे. अक्षर मोत्यासारखं आणि शुद्धलेखनाच्या नावानं बोंब!

'प्रशीक्षण.'

बघवंना मला. सकाळी सहाला कुणी नाही बघून बोटानं पुसायची, खडूनं नीट करायची आणि गुपचूप कामाला जायची. असं बरेच दिवस चाललं.

एक दिवस बघते तर फळ्यावर आठ चुका. 'जेष्ठता', 'सुचना', 'नीयम'. अरे देवा! मी आपली तल्लीन होऊन पुसतीय, लिहितीय. सात झाल्या आणि मागं घंटागाडीचं दार वाजलं.

केबिनमधनं साहेब उतरले. साडेपाचपासनं त्या कचऱ्याच्या वासात दबा धरून बसले होते.

"काय गं सुनीता, शिक्षण किती तुझं?"

"सातवी, साहेब."

"मी बी.कॉम. हाय. मला 'ज्येष्ठता' लिहाय येत न्हाई. तुला कसं येतंय?"

खोटी माहिती दिली, आता नोकरी गेली. रडायलाच लागले मी.

"रडतीस काय? एक चूक ऱ्हायलीया खाली. ती काढ आधी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं कोरा कागद ठेवला. "खरं काय ते लिही. आत्तीसकट."

"साहेब, नोकरी लागल्यावर बी.ए. झाली असं दाखवा की."

"व्हय! आणि सर्टिफिकेटवरचं साल काय माझा बाप बदलणार?"

"पण नोकरी गेली तर?"

ते म्हणाले, "जाईलबी. मी खोटा धीर देणार न्हाई तुला. पण आज न्हाई लिहिलंस तर रिटायर हुईस्तोवर तुझं सर्व्हिस बुक तुला सातवी पासच म्हणणार."

लिहिलं.

तो कागद घेऊन साहेब मुख्याधिकारी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मी बाहेर बाकड्यावर. आतनं त्यांचा आवाज चढलेला ऐकू येत होता.

"मॅडम, लोकं शिक्षण वाढवून सांगत्यात. हिनं कमी करून सांगितलंय, झाडू मिळावा म्हणून! आता शिक्षा कुणाला द्यायची ते तुमीच ठरवा."

मला सक्त ताकीद मिळाली. लेखी.

ती साहेबांनीच टाइप केली. माझ्या हातात दिली. तिच्याखाली दुसरा कागद होता, टायपिंग ट्रेनिंगची यादी. त्यात माझं नाव.

"सही कर. दोन्हीवर."

काम सुटलं की सांगलीला क्लासला जायची. परीक्षेत दोनदा नापास झाले. साहेब म्हणाले, "तुझी बोटं अजून झाडूच धरत्यात. सैल सोड की जरा." तिसऱ्यांदा पास झाले, आणि प्रमोशनच्या पुढच्या यादीत क्लार्क.

मग एका ३१ मेला साहेबच रिटायर झाले. तेही एक जूनवालेच ना!

निरोप समारंभात मी विचारलं, "साहेब, ती पहिली 'प्रशीक्षण'बी मुद्दाम लिहिली होती का?"

"न्हाई गं. ती माझी खरीच चूक. म्हणून तर कळलं, माझ्यापेक्षा शाणं कुणीतरी खाली झाडू मारतंय."

एवढं हसले होते तेव्हा. आज तेच हसू डोळ्यापुढनं हलत नाहीये.

आता त्यांच्या टेबलावर मी बसते. अधनंमधनं त्यांचा फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही. "मे अखेर किती जागा रिकाम्या हुत्यात? बघितल्यास का?"

आता कोण विचारणार, साहेब?

आज सकाळी फळ्यावर त्यांच्या निधनाची सूचना मीच लिहिली. लिहून तशीच त्यांच्या घरी गेले. भाभी माझा हात धरून म्हणाल्या, "रोज पेपर वाचताना म्हणायचे, हितं सुनीता पायजे हुती."

दुपारी शेडमध्ये परत आले आणि फळ्याकडं बघितलं.

सकाळी डोळ्यात पाणी होतं. 'भावपूर्ण' लिहिताना माझ्या हातनं 'पु' ऱ्हस्व पडला होता.

कुणीतरी तो बोटानं पुसून दीर्घ केला होता.

मी टेबलावर जाऊन यादी काढली. सकाळच्या पाळीला बावीसजणी. सगळ्यांचं शिक्षण सातवी किंवा त्याच्या आत.

साहेब, उद्या साडेपाचला घंटागाडीत मी बसते. तुमी निवांत झोपा.

भावपूर्ण श्रद्धांजली. 'पू' दीर्घ, साहेब.