समुद्र पाहून आलेले पाणीवाले मामा

माझ्या छातीवर दोन बोटे ठेवून ते विचारत, “सांग, आता पाणी चढून राहिलं का उतरून राहिलं?”

बडनेऱ्याच्या स्टेशनावर त्या काळी कधी उतरला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिले असेल. गाडी थांबली की पितळी लोटा घेऊन खिडकीखिडकीशी धावत ते उतारूंना पाणी पाजत. आम्ही त्यांना मामा म्हणत असू.

मी बार्शीटाकळीजवळच्या खेड्यातला, घरातून शाळेत गेलेला पहिलाच. अकराव्या वर्षी अमरावतीच्या वसतिगृहात आलो आणि जीव थाऱ्यावर राहीना. पंधरवड्यातून एकदा तरी तीन कोस चालत बडनेरा गाठायचे आणि अकोल्याची गाडी पकडायला पाहायचे, हा माझा उद्योग. बाबांनी बजावले होते, “पळून आला त शाळा बंद. वखर धराचा.” म्हणजे एकदा गाडीत चढलो की शिक्षण संपले. हे ठाऊक असूनही पाय ऐकत नसत.

मामा मला दंडाला धरून मुंबईला जाणाऱ्या कापसाच्या गाठींवर बसवत.

“काहून पळून राहिला बे?”

“माहीत नाही. आत कसंतरी होते.”

मग ते समुद्राची हकिगत सांगत. त्यांनी रागाच्या भरात मारले म्हणून त्यांचा मुलगा घरून निघून गेला होता. त्याला शोधत ते मुंबईला गेले. आठ दिवस हिंडले आणि थकून किनाऱ्यावर बसले, तर पुढे नुसता चिखल.

“मले वाटलं, समिंदर आटला! आपली नदी चैतात आटते तसा. म्हटलं, पोरगं गेलं, अन् मी आलो त समिंदरही गेला. लय रडलो. बाजूची कोळीण हासून हासून लोळली. मले म्हणे, बसून राहा. बसलो. संध्याकाळी पाणी गुडघ्याले!”

स्वतःच्या फजितीवर ते मनसोक्त हसत. मग गंभीर होत.

“आतलं पाणीही तसंच. चढलं म्हणून पळाचं नाही, उतरलं म्हणून आटलं समजाचं नाही. बसून पाह्याचं.”

मी हुशारी दाखवली, “पण मामा, बादली खाली ठेवली की पाणी हलाचं थांबते.”

“तू बादली हायेस का बे?”

बसता बसता गाडी निघून जाई आणि माझे रडेही थांबे. मूठभर फुटाणे देऊन ते मला अमरावतीच्या एखाद्या ओळखीच्या छकड्यात बसवून देत. एकदा मात्र काही केल्या रडे थांबेना. “नाही उतरलं? बरं, मी बसतो,” म्हणून ते शेजारी बसून राहिले. एक गाडी बिनपाण्याची गेली. स्टेशनमास्तरांची बोलणी त्यांनी मान खाली घालून ऐकली, पण जागचे उठले नाहीत.

पुढल्या वर्षी परीक्षेच्या धास्तीने मी पुन्हा पळालो. अकोल्यावरून पुढे भुसावळला जाणारी गाडी उभी होती. एक उतारू खिडकीतून मामांना सांगत होता, “तुमच्या तोंडवळ्याचा पोरगा भुसावळले हॉटेलात पाह्यला.” मामांच्या हातचा लोटा सुटला. लोक “पाणी, पाणी” ओरडत होते. ते अनवाणी धावले आणि समोरच्या डब्यात चढले. मी हाक मारली. नेहमी मला लांबून ओळखणाऱ्या त्या माणसाने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही.

गाडी हलली. डबे माझ्यासमोरून सावकाश सरकत होते, दांडी हाताशी होती आणि अडवायला कोणी नव्हते. मी गाठींवर जाऊन बसलो. गाडीचा धूर विरेपर्यंत बसलो आणि एकटाच अमरावतीला चालत परतलो. पुन्हा पळालो नाही.

बी. ए.चा निकाल लागला, तेव्हा घरी जाण्याआधी बडनेऱ्याला उतरलो. पाणी पाजायला दुसरेच गृहस्थ होते. मामा परतले नव्हते. मुलगा भेटला की नाही, हेही कोणाला ठाऊक नव्हते.

“कुठं जाचं हाये तुमाले?” त्या गृहस्थांनी विचारले.

तेवढ्यात भुसावळकडून येणारी गाडी आली. मी एकेक खिडकीत मामांना शोधत शेवटच्या डब्यापर्यंत चालत गेलो.