जून वाल, कोवळे वाल

गुणाजी लढाईवर गेला तो पळी घेऊन. मराठा पलटणीत तो लांगरी होता, म्हणजे स्वयंपाकी. हे ऐकून लोक हसत. पण डोंगराच्या उतारावर, ओल्या लाकडांवर, शंभर माणसांचा मोकळा भात ज्याने कधी शिजवला नाही त्याने हसू नये. हात भाजतात, डोळे चुरचुरतात, आणि भात करपला तर शिव्या मिळतात त्या वेगळ्याच.

सेहेचाळीस साली तो इटलीहून परतला. महाडकडच्या आपल्या गावी थोडे दिवस राहिला आणि पोटासाठी कल्याणला आला. इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी लागला. इंजिनाच्या पोटातली राख ओढून काढायची, पुरती गार व्हायच्या आत. त्याने साफ केलेली भट्टी दुसऱ्याला पुन्हा बघावी लागत नसे. पुढे लग्न झालं, सगुणा घरात आली, शेडमागच्या चाळीत खोली मिळाली, आणि त्याने आईला, रंगूबाईला, गावाहून आणलं.

सगळं ठीक होतं. एकच गोष्ट त्याला टोचत होती. आई त्याच्या हातचं खात नसे.

तोंडाने ती कधी तसं बोलली नाही. पण सुट्टीच्या दिवशी गुणाजी चुलीपुढे बसला की तिला भूक नसे, उपास असे, नाहीतर पोटात गुबारा धरलेला असे. शेजारच्या आवडाबाईकडे मात्र ती पोटभर जेवे. एवढ्या माणसांना जेवू घातलं आणि आपली आई आपल्या ताटाला शिवत नाही, हे गुणाजी कोणाला सांगणार?

कारण आपल्याला ठाऊक आहे असं त्याला वाटे. परत आल्याच्या पहिल्या संध्याकाळी तो फार बोलला होता. आईने वालाचं बिरडं केलं होतं. जेवता जेवता तो सांगत सुटला. इटलीत डोंगरातल्या एका गावात पलटण अडकून पडली होती. तिथे असुंता नावाची एक म्हातारी होती. हा तिच्याकडे शिधा घेऊन जाई, ती रांधी, आणि सगळे एका फळीभोवती बसून जेवत. कणकेच्या नखुल्या, लग्नात रुखवतावर ठेवतात तशा. त्यांत हिरव्या शेंगांचे दाणे, आपल्या वालाचे थोरले भाऊ, पण चवीला आपल्याहून गोड. आणि डुकराचं मांस भरलेली आतडी. एवढं झालं तशी आई उठून पडवीत गेली. डुकराचं नाव काढायला नको होतं, असं गुणाजीच्या मनाने घेतलं ते घेतलं.

पन्नास सालच्या फाल्गुनात सगुणा बाळंतपणाला माहेरी गेली होती. रंगूबाई नळावर घसरली. घोटा टम्म सुजला. हाडवैद्याने पट्ट्या बांधल्या आणि जमिनीवर बसायचं नाही म्हणून बजावलं. चूल तर जमिनीवरच. म्हणजे आता रांधायचं गुणाजीने.

पहिल्या दिवशी त्याने मऊ भात आणि आमटी केली.

"ठेव तिथं," आई खाटेवरून म्हणाली.

ते तिथंच राहिलं. संध्याकाळी आवडाबाई डबा घेऊन आली. ती इथलीच, कोपरची, मिठागरावर राबलेली, बोलायला फटकळ.

"मावशे, घरान पलटनीचा लांगरी, नि डबा मी आनतंय. लोक काय म्हनतील?"

"लोकांचं काय? लोक मला वाढायला येणार हायत?" असं म्हणून रंगूबाईने डबा उघडला.

गुणाजी दाराबाहेर लाकडं फोडत होता. त्याने सगळं ऐकलं. कुऱ्हाड खाली ठेवली आणि मनाशी ठरवलं. जे खाल्लं म्हणून आई दुरावली, तेच तिच्या डोळ्यांदेखत करायचं. डुकराच्या जागी बोकडाचं घालायचं. काही लपवायचं नाही. एवढं करून तिने खाल्लं नाही, तर आवडाबाईचा डबा कायमचा, आणि पुन्हा आपण हा विषय काढायचा नाही.

सुट्टीच्या दिवशी तो बाजारात गेला. आंबिवलीकडच्या बायकांनी वालाच्या शेंगा आणल्या होत्या. त्या घेतल्या. मग खाटकाकडे गेला.

"खिमा दे, थोडी चरबी दे, आणि एक लांब आतडं."

"नुसतं आतडं? त्याचं काय करणार?"

"त्यात खिमा भरणार."

खाटीक सुरी पुसत म्हणाला, "बोकडातून काढायचं आणि परत बोकडातच भरायचं. फौजेत हेच शिकवलं काय तुला?"

घरी येऊन त्याने पीठ मळायला घेतलं. रेशनचा गहू, जाडंभरडं पीठ. ते तसंच वळलं तर उकळत्या पाण्यात फुटतं. त्याने ते दोनदा चाळलं, कोमट पाण्यात मळलं, मनगट दुखेपर्यंत मळलं, ओल्या फडक्याखाली ठेवलं आणि परत मळलं. मग दोऱ्या वळल्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. प्रत्येक तुकडा पाटावर अंगठ्याने दाबून पुढे ओढला की तो शिंपल्यासारखा वळे. सगळे सारखे. एखादा जाड राहिला तर तो मोडून परत वळायचा.

आई खाटेवरून बघत होती.

"नखुल्या करतोस?"

"तसंच."

"कोणाचं लगीन?"

गुणाजीने पुढचा तुकडा अंगठ्याखाली घेतला. आईने आपणहून विचारलं होतं.

आतड्याशी मात्र त्याची गाठ पडली. असुंता हे काम स्वतः करी, त्याने नुसतं पाहिलेलं. आत मीठ चोळायचं म्हणून त्याने ते उलटायला घेतलं आणि टोकाशी फाडलं. परत उलटलं, परत फाडलं.

"खेचू नको. मोरी तुंबलीय काय? आण इकडे. आणि हळदीचं पाणी आण. गुळगुळीत काडी आण एक."

रंगूबाईने परात मांडीवर घेतली. काडीचं टोक आत सारलं आणि उशीचा अभ्रा उलटावा तसं आतडं सरसर उलटलं. मीठ लावून चोळलं, नखाने निपटलं, उजेडात धरून बघितलं, पुन्हा चोळलं. गावाला देवीच्या बोकडाची वजडी तीच धूत असे. कुठे भोक नाही, कुठे डाग नाही. खिमा पाट्यावर वाटून तयार होता. नरसाळ्याच्या तोंडाला आतडं चढवून ती भरू लागली.

"काय घातलंस यात?"

"लसूण, मिरी, बडीशेप."

"मटणात बडीशेप?"

"तिकडे घालतात. तिकडे डुकराचं असतं. हे बोकडाचं आहे. खाटकाला विचार पाहिजे तर."

"मी विचारलं काय तुला, कसलं आहे म्हणून?"

हे उत्तर गुणाजीला कळलं नाही. तो चुलीकडे वळला. भरलेलं आतडं गोडेतेलात मंद आचेवर खरपूस केलं आणि त्याचे तुकडे केले. दुसऱ्या भांड्यात वालाचे दाणे उकळायला टाकले. थोड्या वेळाने एक चाखला. साल चामड्यासारखी, वर कडवट. त्याने तोंड वाकडं केलं.

"सालीसकट टाकलेस?" आई म्हणाली.

"तिकडे सोलत नाहीत."

"तिकडचे कोवळे असतील. फाल्गुनातला वाल जून असतो. शेतकऱ्याच्या घरात जन्मलास ना तू? ओत ते पाणी. परात आण."

दोघं सोलायला बसली. ती खाटेवर, तो खाली. चिमटीत धरून दाबलं की हिरवी डाळ टुणकन बाहेर येई. ती दोन सोली तेव्हा त्याचा एक होई.

मान वर न करता आई म्हणाली, "तिचे वाल आपल्याहून गोड, असं म्हणालास तू."

"कधी?"

"परत आलास त्या रात्री. तू येणार म्हणून मी वाल भिजवले, मोड आणले, एकेक सोलला. पोरगा लढाईतून जगून आला, पुढ्यात बसून जेवतोय. आणि जेवता जेवता दुसरीच्या वालांची चव सांगतोय."

गुणाजीचा हात थांबला. "मला वाटलं, डुकराचं खाल्लं म्हणून तू..."

"डुकराचं काय घेऊन बसलास? लढाईत मिळेल ते खाशील. कोणा म्हातारीने उपाशी ठेवलं नाय, म्हणून पडवीत जाऊन देवाला हात जोडले मी. पण ते वाल काय माझ्या घशाखाली उतरले नाहीत. तू चुलीपुढे बसलास की वाटायचं, आता तिच्यासारखं करील आणि म्हणेल, बघ."

गुणाजीने आणखी एक दाणा सोलून परातीत टाकला. मग म्हणाला, "तिकडे पहिल्या दिवशी मी तिचे सगळे दाणे सोलून ठेवले होते. तुझ्यासारखे. तिने खुणेने विचारलं, हे कोणी शिकवलं. मी म्हटलं, आईने."

"मग काय म्हणाली?"

"डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. एक दाणा सालीसकट माझ्या तोंडात घातला."

"हसेल नाहीतर काय? तिला कुठे जून वाल सोलावे लागलेत." आई म्हणाली, पण तिच्या ओठांचा कोपरा हलला. "सोल. तो बघ, अर्धी साल ठेवलीस."

नखुल्या मिठाच्या पाण्यात उकळून त्याने रोवळीत निथळल्या, खरपूस तुकड्यांच्या तेलात टाकल्या, वर सोललेले वाल. एकदाच खालीवर केलं, जास्त नाही, वाल मोडतात. ताट आईच्या पुढ्यात ठेवलं आणि तो चुलीतली राख ओढायला बसला. राख फारशी नव्हती.

मागे ताट वाजलं. त्याने वळून पाहिलं नाही.

तेवढ्यात आवडाबाई दारात आली. "मावशे, सुकटीचं कालवन आनलंय."

"आज नको गं," रंगूबाई भरल्या तोंडाने म्हणाली. "घरात झालंय. तूच बस, घे दोन घास."

आवडाबाईने आधी ताटाकडे पाहिलं, मग गुणाजीकडे, आणि कालवण बाजूला ठेवून बसली.

रंगूबाईने ताट पुसून घेतलं, बोटं चाटली, पाण्याचा तांब्या मागितला. गुणाजी तांब्या घेऊन उभाच राहिला.

"मीठ बेताचं आहे," ती म्हणाली. "पुढल्या साली पौषात कर. वाल कोवळे असतात तेव्हा."