हरिबाची मिशी आणि हंबीररावांची बसकी गाडी

सांगलीच्या विश्रामबागेत हरिबा मेस्त्रीचं गॅरेज विचारलं, तर लोक आधी मिशी सांगतात, मग पत्ता. "कोपऱ्यावर जावा, मिशी दिसंल, तिच्या मागं गॅरेज हाय." फौजेतून परत येताना नवऱ्याने दोनच वस्तू आणल्या, एक ट्रंक आणि एक मिशी, असं त्याची बायको आक्काताई म्हणते. ट्रंक कधीच गंजली. मिशीला मात्र रोज सकाळी खोबरेल लागतं, आणि तिला पीळ भरून होईपर्यंत चहा पुढे ठेवायची सोय नाही.

माणूस कामाला चोख, पण देखणी गाडी दिसली की भान सुटायचं. दिवसभर शेडमध्ये तिचं गुणगान, रात्री जेवतानाही तेच. ताटात भेंडी आहे की गवार, याचा पत्ता नसायचा. "माझं एवढं कौतुक केलं असतं तर मी पण हवेत तरंगले असते," हे आक्काताईचं शेजारणींना सांगून झालं होतं.

तशात पाटणच्या हंबीररावांची नवी गाडी ऑइल बदलायला आली. हंबीरराव आणि हरिबा एकाच पलटणीतले, त्यामुळे बोलण्यात मायेपेक्षा शिव्या जास्त. गाडी लिफ्टवर चढवली, चाकं खाली लोंबली, आणि हरिबा तिच्याभोवती नवरदेवासारखा फिरू लागला.

"धम्मपाल, बघ रं! स्प्रिंगा न्हाईत, हवेच्या पिशव्यांवर उभी हाय. चाकापाशी ही बारकी दांडी, तिच्यावर सेन्सर. गाडी लय वर गेली की हवा सोडतीया, खाली आली की भरतीया. काय चीज हाय गड्या!"

धम्मपाल हा शेडमधला त्याचा भागीदार, गाड्यांच्या वायरिंगचा जाणकार आणि गावगप्पांचा त्याहून मोठा. तो म्हणाला, "हळू बोल, वहिनी डबा घेऊन आल्यात. सवत आली म्हणतील."

आक्काताईने गाडीकडे एकवार पाहिलं, नवऱ्याकडे एकवार पाहिलं, आणि दोघे हात धुवायला गेल्यावर लिफ्टखाली थोडी रेंगाळली. पण ते कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव परत हजर. म्हशीने मागचा एक पाय दुमडावा तशी गाडी डावीकडून बसलेली.

"हरिबा! कराड यायच्या आत मागनं बसली. ऑइल बदललंस का गाडीची पाठ मोडलीस?"

"माझ्याकडनं धडधाकट गेली हुती."

"तुझ्याच शेडमधी बिघडली. पाटणात समद्यांना सांगतो."

धम्मपालने स्कॅनर जोडला. डाव्या मागच्या सेन्सरचा आकडा जागचा हलेना. गाडी जमिनीला टेकायला आलेली, आणि सेन्सर सांगतोय, लय वर आहे.

हरिबाला तेवढंच हवं होतं. "बघ, सेन्सर मेलाय! कंपनीचा माल खोटा. माझ्या शेडमधी बिघडली असंल तर ही मिशी उतरवीन!"

रस्त्यापलीकडचा चहावालासुद्धा किटली खाली ठेवून बघू लागला. हंबीरराव खुर्ची ओढून ऐसपैस बसले. "लागली पैज."

हरिबा ऐटीत गाडी जॅकवर उचलून खाली शिरला. सेन्सर काढायला चाकाच्या आत बॅटरी मारली, आणि त्याचा हात थांबला. सेन्सरच्या दांडीला एक काळी बाहुली बांधलेली होती. नुसती बांधलेली नव्हे, शेजारच्या पाइपाशी आवळलेली. गाडी लिफ्टवर असताना दांडी जशी होती, तशीच जखडून गेली होती. बिचारा सेन्सर गाडी वर, वर म्हणत होता आणि गाडी हवा सोडून बसत होती.

गाठ सोडताना बोटांना लोकर लागली. फौजी हिरवी. मागच्या थंडीत त्याच्या जर्सीची एक बाही घरातच उसवून नाहीशी झाली होती, ती ही अशी सापडली.

त्याने दांडी मोकळी करून हलवताच वरून धम्मपाल ओरडला, "आकडा हलला! सेन्सर जित्ता हाय!" मग तोही खाली वाकला. त्याने बाहुली पाहिली, लोकर पाहिली, हरिबाचा चेहरा पाहिला, आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसला.

हरिबा पडल्या पडल्या विचार करत होता. "वायर सैल हुती, कंपनीनं नीट बसवली न्हाई," म्हटलं की मिशी वाचते. पण मग कंपनीवर खोटं ढकलायचं. बाहुली दाखवली तर आक्काताईचं नाव आजच्या आज पाटणपर्यंत पोचणार, आणि हंबीरराव ते दर लग्नात सांगणार.

बाहुली खिशात घालून तो बाहेर आला.

"काय निघालं?" हंबीरराव.

"माझ्याच शेडमधी बिघडली हुती. दांडी अडकली हुती, मोकळी केली. सेन्सर चांगला हाय."

"अडकली कशानं?"

"पैज मिशीची हुती, कशानं याची न्हाई."

कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये मिशी गेली, तेव्हा हंबीररावांचाच आवाज बसला. "लेका, मी चेष्टा करत हुतो रं," एवढंच ते म्हणाले, आणि सरळ उभी राहिलेली गाडी घेऊन गेले.

डबा घेऊन आक्काताई आली, ती दारातच थबकली. ओळख पटायला तिला जरा वेळच लागला. हरिबाने खिशातून बाहुली काढून तिच्या हातावर ठेवली.

"गाडीला कुणाची नजर लागंल म्हणून बांधलीस गं?"

"तुमचीच की! दुसरं कोण बघत हुतं तिच्याकडं एवढं?" मग तिचं लक्ष पुन्हा त्याच्या ओठाकडे गेलं, आणि काय झालं असेल ते तिला कळलं. "माझं नाव सांगितलं असतंसा तर चाललं असतं की."

"जेवायला वाढ."

त्या दिवशी डब्यात वांग्याची भाजी होती, हे हरिबाला अजून आठवतं. आता ओठावर पुन्हा खुंट उगवलेत. घरातल्या आरशावर, खिळ्याला, तीच बाहुली टांगलेली आहे. रोज सकाळी आक्काताई खोबरेलाची वाटी पुढे ठेवते आणि बजावते, "आरशात लय बघू नगासा. नवी हाय, दृष्ट लागंल."