माळ रिकामा नव्हता

जेवणाच्या सुट्टीत सगळी कंपनी टपरीवर जायची आणि मंगलताई मागच्या माळावर. मे महिन्याच्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन आमच्या या स्टोअरच्या इन्चार्ज दगडांकडे बघत बसायच्या. पोरं त्यांना सरडेवाली म्हणायची. एकदा मीही हसलो, तर "डोळं हायत का बटनं?" म्हणत त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं.

समोरच्या दगडावर एक बोटभर सरडा चढला, पुढच्या पायांवर उंच झाला आणि गळ्याखालची पिशवी त्यानं पंख्यासारखी उघडली. निळी, काळी, केशरी! मी बघतच राहिलो.

"मादीला दावतोय. पाऊस पडला की ती हितंच माती उकरून अंडी घालंल. ह्यास्नी झाडं नकोत, सावली नको. दगड आन् ऊन, बास."

पुढं कंपनीला पर्यावरणाचा उमाळा आला आणि नेमकं त्याच माळावर वृक्षारोपण ठरलं. मंगलताई तडक साहेबांकडे गेल्या, मीही मागोमाग. "रस्त्याकडंला लावा झाडं, माळ तेवढा सोडा."

साहेब हसले. "मॅडम, झाडं लावतोय, तोडत नाही. आणि ती जागा रिकामीच आहे ना?"

"रिकामी? तुमी ड्युटीवर आल्यावर कुणी तुमचा फ्लॅट रिकामा समजून फरशी फोडली, वड लावला, तर चालंल?"

जेसीबी आला तेव्हा त्या आडव्या उभ्या राहिल्या. वॉचमननं दंडाला धरून त्यांना बाजूला ओढलं. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. दगड वेचून फेकले, खड्डे खणले, रोपांसोबत फोटो निघाले आणि साहेबांना बक्षीसही मिळालं! दिवाळीपर्यंत निम्मी रोपं वाळून गेली. पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं रोज माळावर जात होतो. एकही सरडा दिसला नाही. तिथं वाघ असता, तर याच लोकांनी जीप भाड्यानं घेऊन रांगा लावल्या असत्या.

मंगलताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांना 'पर्यावरणप्रेमी' म्हटलं, वर कुंडीतलं रोप हातात दिलं. निर्लज्जपणालाही काही हद्द असते! टाळ्या सुरू झाल्या. ताईंनी कुंडी छातीशी धरली आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"ह्या रोपाचा काय गुन्हा न्हाई, ह्याला मी जगवीन," त्या म्हणाल्या. "पर साहेब, माळ तुमी मारलाय. मयताला टाळ्या वाजवत न्हाईत."