दिवेलागणीचे विरजण

काचेची बशी खिडकीच्या उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून त्या म्हणत, "देखा भाऊ, लढी ऱ्हायनात."

शहादा तालुक्यातील आमच्या महाविद्यालयात मॅडम सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत आणि मी शेजारच्या खोलीत मराठी. मला त्या बशीत पिवळसर साय तेवढी दिसे. मग त्या दाखवीत: मधोमध पांढरा ठिपका आणि त्याच्याभोवती स्वच्छ, रिकामे वर्तुळ. तो ठिपका म्हणजे म्हसावदच्या दुधापासून त्यांनी स्वतः केलेल्या चीजमधले जिवाणू. ते एक प्रथिन सोडतात आणि अन्न नासवणारे दुसरे जिवाणू त्या प्रथिनाच्या हद्दीत तगत नाहीत.

"एवढासा जीव," त्या म्हणत, "पन कोनले जवळ येऊ देत नही."

हे वर्णन त्यांनाही लागू पडते, असे शिक्षकांच्या खोलीत हळू आवाजात बोलले जाई. प्राचार्यांशीसुद्धा त्या अहिराणीतच बोलत.

एकदा तपासणी समिती यायची होती. प्राचार्य नाकाला रुमाल लावून प्रयोगशाळेत आले.

"मॅडम, हे नासके दूध आहे. उद्या सकाळपर्यंत फ्रीज रिकामा हवा."

"नासकं नही सर. नासाले आडवं उभं ऱ्हास, ते शे हाई."

"मग तुमच्या घरी उभे राहू द्या."

"एकच घर कशाले?" मॅडम म्हणाल्या.

एका घरी एक दिवस दूध घालायचे राहिले, तर वर्षानुवर्षे जपलेला वाण संपला असता. म्हणून त्या संध्याकाळी याच जिवाणूंच्या विरजणाचा डबा आणि चमचा घेऊन मॅडम आमच्या गल्लीत दारोदार फिरल्या. आमच्याकडे दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देत नाहीत. त्याबरोबर लक्ष्मी जाते म्हणतात. माझी पत्नी दारातच घुटमळली.

"मॅडम, दिवा लागना. आते विरजन?"

"देनारी मी शे, वैनी. लक्ष्मी जाई ते मन्ही जाई. रोज ताजं दूध, तापाडेल, कोमट. दुसरं विरजन घालू नका."

समिती आली, फ्रीजमधले गार पाणी पिऊन गेली. मग मॅडमनी घरोघरचे चमचाभर विरजण आणून तपासले. काही घरी वर्तुळ उमटलेच नाही. आमचे फिकट होते, कारण आईने त्यात कालचे ताक मिसळले होते; मॅडमनी ते नव्याने लावून दिले. सर्वांत रुंद वर्तुळ ज्या वाटीचे होते, ती प्राचार्यांच्या घरची निघाली. त्यांच्या पत्नीने शेजारणीकडून विरजण नेले होते.

मॅडम बशी घेऊन थेट त्यांच्या टेबलाशी गेल्या. मी दाराआड उभा होतो. आत जाण्याचे धैर्य मला झाले नाही.

"सर, तुमना घरनं शे. देखा, लढी ऱ्हायनात."

प्राचार्यांनी बशी नाकाजवळ नेली. "याला वास येत नाही," ते म्हणाले.

"रोज खातस ना. मंग कसा येई?"

फ्रीजचा खालचा कप्पा मॅडमना परत मिळाला.

मागच्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. त्या कप्प्यात आता पाण्याच्या बाटल्या असतात. त्यांचे दिवसपाणी आटोपल्यावर एका संध्याकाळी त्यांची धाकटी जाऊ आमच्या दारात आली. हातात रिकामी वाटी होती.

"आमना घरनं, जाऊबाईनं विरजन मरी गयं, वैनी. दूध घालानं ध्यानातच नही ऱ्हायनं." तिने आत पाहिले. देव्हाऱ्यात दिवा लागलेला होता. "सकाय येसू."

"सकाय कशाले?" पत्नीने तिच्या हातातली वाटी घेतली आणि ती दिव्याच्या समोरून आत गेली.