बारदानाचा एक किलो

विज्ञानात दोनदा नापास झालेल्या बाईनं, तिशी उलटल्यावर, ऐन कांदा काढणीत पुन्हा दहावीला बसायचं, हे माझं मलाच पटत नव्हतं. पण मंचरच्या एका दवाखान्यात मदतनीस हवी होती आणि ती दहावी पास हवी होती. तिथल्या डॉक्टर मॅडम निकालापर्यंत थांबायला तयार होत्या. अवसरीच्या रानात वाकून वाकून माझी कंबर कामातून गेली होती. पास झाले तर सुटका, नाहीतर आहेच कांदा.

शिकवायला नववीतली लेक. दिवसभर पाती कापून आले, की ती पुस्तक उघडूनच बसलेली. त्या संध्याकाळी एवढी थकले होते की अक्षरं दिसायची, पण डोक्यात शिरायची नाहीत. गणित होतं: पन्नास किलोची गोणी काट्याला टांगली आहे, ती स्थिर आहे, तर काटा तिला किती बलानं वर ओढतो?

मी म्हटलं, चला, निदान गोणी तरी ओळखीची आहे. लेकीनं सांगितलंच होतं, नऊ पूर्णांक आठनं गुणायचं जड गेलं तर दहानं गुण. मी गुणलं. चारशे नव्वद न्यूटन. पुस्तकाच्या मागं पाहिलं, तिथंही चारशे नव्वद! आयुष्यात पहिल्यांदा उत्तर जुळलं. मी वही मिटायला घेतली.

"आई, थांब. चुकलंय."

"जुळलंय की गं!"

"पुस्तकानं पन्नासला नऊ पूर्णांक आठनं गुणलंय. तू दहानं गुणलंस, मग पाचशे याया पायजे व्हतं. हे एकोणपन्नास कुठनं आणलं?"

"बारदानाचा किलो कापला."

विक्रीच्या पट्टीवर व्यापारी दर गोणीमागं रिकाम्या पोत्याचं वजन म्हणून एक किलो कापतो, घरी हिशेब करताना आम्हीही तो आधीच कापून धरतो. हात सवयीनं चालला होता. लेक पोट धरून हसली.

"अगं, ही पुस्तकातली गोणी हाय. हितं कुणी काय कापत न्हाई. जेवढं वजन खाली वढतंय, तेवढंच काटा वर वढतोय. म्हणून ती हालत न्हाई."

मीही हसले, आणि हसता हसता रडूच आलं. दमल्यावर माझं असंच होतं. कुणी काहीच कापत नाही अशी एक जागा आहे, आणि ती मला एवढ्या उशिरा कळावी, याचा राग आला.

पेपरात गोणी नव्हती. साठ किलोची बाई फरशीवर उभी होती. फरशी तिला किती बलानं वर ढकलते? मी पूर्ण साठ धरले. घासून का होईना, पास झाले.

आता दवाखान्यात दिवसभर उभं राहायचं काम आहे. फरशी मला पूर्ण वजनानं वर ढकलते, एक किलोसुद्धा कापत नाही. कंबर जरा बरी आहे. पाय मात्र रात्री लेकीला चेपायला सांगते.